डिसेंबरच्या बर्फात पायाखाली काय हवं: मायक्रोस्पाइक, गेटर आणि माळ्यावरचे जुने बूट

डिसेंबरात बडोद्याहून उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल किंवा दयारा बुग्यालच्या ट्रेकला निघणाऱ्यांची खरेदी ठरलेली असते. आधी जाड जॅकेट, मग थर्मल, कानटोपी, हातमोजे, आणि पैसे उरले तर पायांचं काहीतरी. बडोद्यात पहाटे पारा बारा-तेरावर आला की आपण स्वेटर काढतो, त्यामुळे थंडीची धास्ती समजण्यासारखी आहे. पण हंगामाच्या सुरुवातीच्या बर्फात थंडी आवरता येते, निसटलेला पाय आवरत नाही. म्हणून हे परीक्षण फक्त घोट्याखालच्या सामानाचं आहे. त्यातही सगळ्यात जास्त मायक्रोस्पाइकचं, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून बुटावर चढवायच्या धातूच्या दातांचं, कारण फसवणूक तिथेच जास्त आहे.

आधी बर्फाबद्दल. जानेवारीच्या शेवटी केदारकंठ्याच्या वाटेवर गुडघाभर बर्फ असू शकतो, आणि गंमत म्हणजे त्यात चालणं दमवणारं असलं तरी घसरायला कमी होतं. पाऊल खाली रुततं आणि तिथेच धरलं जातं. डिसेंबरात तसं नसतं. एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येऊन चार-सहा इंच बर्फ टाकून जातो, मग आठ-दहा दिवस लख्ख ऊन पडतं. देवदार आणि बांज ओकांच्या सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर तो बर्फ माणसांच्या आणि खेचरांच्या पायाखाली दाबला जातो, दुपारी वरवर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं चार-पाच वेळा झालं की वाटेवर दीड-दोन इंच जाडीचा कडक, चकाकता थर बसतो. त्यावर साध्या रबरी सोलचा, कितीही खोल नक्षीचा, काही उपयोग नाही. रबराला पकडायला तिथे काही नसतंच. वर रात्रीचा भुरभुरीत बर्फ पडला असेल तर खालचा कडक थर दिसतही नाही.

थोडक्यात, डिसेंबरात गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून घोट्या-पोटरीवर बांधायचं आवरण) कमी लागतात आणि स्पाइक जास्त, फेब्रुवारीत बरोबर उलटं. खरेदी करताना बहुतेकांची इथेच गल्लत होते.

आता बूट. मध्ये काही वर्षं खंड पडल्यावर पुन्हा डोंगराकडे वळणारे खूप जण आहेत: मुलं मोठी झाली, नोकरीतून जरा मोकळीक मिळाली, गुडघ्यांनी अजून तरी साथ सोडलेली नाही. माळ्यावर खोक्यात जुने ट्रेकिंग बूट असतात आणि ते नव्यासारखे दिसतात. हेच सगळ्यात धोक्याचे. पुष्कळ भारी बुटांच्या सोलमधला मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतून हळूहळू तुटत जातो, याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरले नाहीत तरी हे होतच राहतं, उलट वापरातल्या बुटांपेक्षा बंद खोक्यात पडून राहिलेल्या बुटांचं जास्त होतं. बडोद्याचे चार पावसाळे प्लॅस्टिकच्या पिशवीत काढलेला बूट वरून चकचकीत आणि आतून भुसा झालेला असू शकतो. मग सांकरीहून, म्हणजे केदारकंठ्याच्या पायथ्याच्या गावाहून, निघाल्यावर तासा-दोन तासांत टाच सुटते, आणि तिथे चांभार नसतो.

तपासणी सोपी आहे. वरचं चामडं आणि खालचं रबर यांच्यामध्ये दिसणाऱ्या थरावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. नखाची खूण भरून आली तर ठीक. खूण तशीच राहिली, बारीक भेगा दिसल्या किंवा चुरा निघाला, तर बूट बाद. मग बूट पुढून दुमडा आणि मधल्या थराची कड सुटतेय का बघा. पाच-सात वर्षांहून जुने बूट या दोन्ही कसोट्यांना उतरले तरी आधी एक पूर्ण दिवस पावागडला घालून मगच न्या. फेव्हिक्विक किंवा सायकलच्या सोल्यूशनने चिकटवून नेऊ नका. चुरा झालेल्या थराला कुठलाच गोंद धरत नाही.

नवे घ्यायचे तर घोटा झाकणारे, वॉटरप्रूफ पडदा असलेले. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ ब्रँडच्या मधल्या किमतीच्या जोड्या या कामाला पुरेशा आहेत, फार महागड्यांची गरज नाही. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून घ्या, आणि रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठं. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवली, तर टाचेमागे तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. उतरताना बोटं पुढे आपटतात त्याची ही जागा. आत बोटं मोकळी हलायलाही हवीत. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय एका मोज्यापेक्षाही गार पडतात. एक पातळ सिंथेटिक, त्यावर एक लोकरीचा, एवढंच. सुती मोजे घरी ठेवा.

मोठ्या दुकानांत ‘स्नो बूट’ म्हणून मिळणारे फुगीर, आतून अस्तर लावलेले बूट कॅम्पवर मस्त, चढाईला वाईट. त्यांचा सोल मऊ असतो, टाच आत वर-खाली होते, आणि त्यावर स्पाइक नीट बसत नाहीत. ते घ्यायचे तर औली किंवा मनालीला मुलांना बर्फ दाखवायला घ्या.

आता मुख्य माल. ‘मायक्रोस्पाइक’ या नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, रबरी जाळीत बसवलेल्या पाच ते दहा धातूच्या टिकल्या. चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. गोठलेल्या सपाट रस्त्यावर दुकानापर्यंत जाऊन यायला बनवलेली ही वस्तू आहे. उतारावर टिकली आतल्या बाजूने निसटून पडते, आणि पडली ते कळतही नाही, पाय घसरल्यावरच कळतं. घेऊ नका.

दुसरी, सोलखाली स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. सपाटीवर बरी चालते. पण पाऊल आडव्या उतारावर तिरकं पडलं की तार गोल असल्यामुळे लोळते. केदारकंठ्याच्या वाटेवर आडवे उतार भरपूर आहेत, म्हणून हीही नको.

तिसरी, आणि खरी: बुटाभोवती बसणारं लवचीक रबरी कडं, त्याला लटकलेल्या स्टीलच्या साखळ्या, आणि साखळ्यांना जोडलेल्या पट्ट्यांवर त्रिकोणी दात. काहटूला या अमेरिकी कंपनीच्या मायक्रोस्पाइकवरून ही रचना रूढ झाली. त्यात प्रत्येक पायाला बारा दात असतात, प्रत्येकी साधारण एक सेंटिमीटरचे, आणि जोडीचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्याकडे ऑनलाइन जास्त दिसतात त्या हजार-बाराशेच्या, अठरा किंवा एकोणीस दातांच्या नकला. दात जास्त म्हणजे माल चांगला, असा हिशेब करू नका. वजन तेवढंच, दात जास्त, म्हणजे एकेका दातावर भार कमी, आणि कडक बर्फात दात रुततो तो भारामुळे. शिवाय दात जवळजवळ असले की दुपारचा ओला बर्फ त्यांच्यामध्ये जास्त अडकतो.

तरीही स्वस्त जोडी सरसकट टाकाऊ नाही. चार-पाच दिवसांच्या एका ट्रेकसाठी निवडून घेतलेली स्वस्त जोडी निभावते. निवडायची कशी ते महत्त्वाचं. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातल्या दोन जोड्यांतही फरक असतो, म्हणून हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करून पाहा.

साखळीची प्रत्येक कडी उजेडात धरून बघा. जोड वितळवून बंद केलेला असेल तर तिथे बारीक गाठ दिसते. नुसती वाकवून टोकाला टोक भिडवलेली असेल तर केसाएवढी फट दिसते, आणि ताणावर उघडते ती हीच. अशा एक-दोन कड्या असतील तर पकडीने दाबून घ्या, पाच-सहा असतील तर माल परत. लोहचुंबकाच्या परीक्षेच्या नादी लागू नका. चुंबक चिकटला म्हणजे साधं लोखंड, असं सांगणारे व्हिडिओ आहेत, पण दातांसाठी वापरतात ते कडक केलेलं स्टेनलेस बहुधा चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचंच असतं.

मग रबर. सगळं काम त्याच्यावर आहे आणि स्वस्त मालात मार खातं तेही तेच. परीक्षेसाठी बर्फाची गरज नाही, घरचा फ्रीजर उणे अठरापर्यंत जातो. डिसेंबरात अकरा हजार फुटांच्या कॅम्पवर रात्री साधारण उणे पाच ते उणे दहा असतं, म्हणजे फ्रीजर त्याहून कडक परीक्षा घेतो. स्पाइक पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी काढल्या काढल्या बुटावर चढवा. चांगलं रबर जड लागतं, पण ताणलं जातं आणि सोडल्यावर ‘टप्’ करून बुटाच्या कडेला बसतं. वाईट रबर लाकडासारखं होतं, निम्म्यातच अडतं, किंवा बसतं पण सैल राहतं. साखळी अडकवलेल्या भोकांच्या कडांना पांढऱ्या रेषा उमटल्या तर ती जोडी ट्रेकवर तिथेच फाटण्याची भीती.

माप पायाचं नाही, बुटाचं. ट्रेकिंगचे बूट बाहेरून रुंद असतात, म्हणून तक्त्यात दोन मापांच्या सीमेवर असाल तर रुंद बूटवाल्यांनी मोठं आणि अरुंद बूटवाल्यांनी लहान घ्यावं. चढवल्यावर साखळ्या ताणलेल्या हव्यात. बुटाचा तळ हातात धरून हलवला आणि साखळी खुळखुळली तर माप मोठं आहे. चालून बघायला घरच्या फरशीवर मात्र चुकूनही उभे राहू नका, टाइलचा टवका उडतो. ओल्या मातीचा चढ शोधा. विश्वामित्रीचा काठ मनात आला असेल तर तो विचार सोडा, तिथल्या मगरींना ट्रेकिंगमध्ये रस नाही पण ट्रेकरमध्ये असू शकतो. शहराबाहेर कुठल्याही शेताचा बांध चालेल.

चढवायची पद्धत: बसून, पाय गुडघ्यावर आडवा घेऊन. आधी पुढचा भाग बुटाच्या नाकावर, पुढची पट्टी बरोबर मध्यावर. मग मागची रबरी जीभ धरून टाचेवर ओढायची. शेवटी बोट फिरवून कडं दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आणायचं. पुढच्या पट्ट्या चवड्याखाली आल्या पाहिजेत, बोटांखाली नव्हे. दहा मिनिटं चालून पुन्हा एकदा बघा, पहिल्यांदा त्या थोड्या सरकतातच. उतरताना पाऊल पुढे ढकललं जातं आणि सैल जोडीतून बुटाचं नाक पुढच्या कड्यातून बाहेर येतं, मग पायाखाली नुसती लोंबती साखळी उरते. यावर उपाय म्हणजे पावलाच्या उंचवट्यावरून जाणारा वेल्क्रोचा पट्टा. काही जोड्यांबरोबर येतो, नसेल तर बॅगेचा साधा पट्टा चालतो.

कधी चढवायचे? निसरडा उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी. बहुतेक जण एकदा घसरल्यावर, उताराच्या मधोमध, एका पायावर उभे राहून चढवतात. डिसेंबरात वाट सारखी बदलते, वीस मिनिटं बर्फ, मग दहा मिनिटं माती-दगड, मग पुन्हा बर्फ. उघड्या खडकावर स्पाइक घालून चाललं की दात बोथट होतात आणि घोटाही मुरगळतो, कारण दातांवर उभं राहिलेलं पाऊल डगमगतं. म्हणून काढ-घाल करायची तयारी ठेवा आणि स्पाइक बॅगेच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. जाड कापडाच्या पिशवीत, नाहीतर डाऊन जॅकेटची पिसं निघतील. जुन्या जीन्सचा पाय कापून एका बाजूने शिवला की झकास पिशवी होते. विमानाने जाणार असाल तर ती चेक-इन सामानातच टाका.

चालताना पाऊल सपाट टाकायचं, सगळे दात एकदम टेकतील असं. टाच आधी टेकवायची आपली रोजची सवय इथे सोडावी लागते. दोन पावलांमध्ये नेहमीपेक्षा चार बोटं जास्त अंतर, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. बर्फावरून घसरून पडणाऱ्यांसारखेच असे अडखळून पडणारेही असतात.

हे सगळं जमलं की जे होतं त्यासाठीच खरं तर हा खर्च. केदारकंठ्याच्या वाटेवरच्या जुडा का तालाब या तळ्याच्या वर, सकाळी सातच्या सुमारास, वाट अजून सावलीत आणि दगडासारखी कडक असते. स्पाइक नसलेला माणूस तिथे फक्त पुढची दोन फूट जमीन बघत असतो. खांदे वर, श्वास धरलेला, प्रत्येक पावलाआधी पायाने चाचपणी. स्पाइक बसले की पायाखाली कर्र-कर्र आवाज सुरू होतो, तो ठेक्यात पडतो, आणि मान आपोआप वर येते. मग दिसतं: देवदाराच्या फांदीवरून ऊन लागताच सुटणारा बर्फाचा भुगा, खेचरांच्या नाकातून निघणारी वाफ, आणि माथ्याजवळ झाडी संपली की स्वर्गारोहिणी, काळानाग आणि बंदरपूंछ ही शिखरं. काळानाग 6,387 मीटर, बंदरपूंछ 6,316, स्वर्गारोहिणी 6,252. आपण केदारकंठ्याच्या माथ्यावर, 3,810 मीटरवर, म्हणजे साडेबारा हजार फुटांवर. खूप दिवसांनी पर्वतात आलेल्याला हे बघायला मिळालंच पाहिजे, बुटाच्या नाड्या बघायला एवढा प्रवास कशाला?

आता मर्यादा. मायक्रोस्पाइक म्हणजे क्रॅम्पॉन, गिर्यारोहक बुटाला बांधतात ते लांब दातांचे सांगाडे, नव्हेत. दात एक सेंटिमीटरचे, पुढे टोकं नाहीत. साधारण तीस अंशांच्या वर कडक बर्फाचा उतार आला आणि खाली थांबायला जागा नसली, तर तिथे बर्फकुऱ्हाड, क्रॅम्पॉन आणि ती वापरण्याचं शिक्षण लागतं. अशा ठिकाणी गाईडने पायऱ्या खोदल्या असतील तरच पुढे जायचं. दुसरी मर्यादा दुपारची: ऊन लागून बर्फ ओला झाला की दातांमध्ये गोळा होतो, आणि दात बर्फाला टेकतच नाहीत. दर दहा-पंधरा पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर टोला मारा, गोळा पडतो. माथ्यावरून उतरायला उशीर करू नये याचं हे एक साधं कारण.

दुरुस्तीसाठी दोन-तीन किल्लीच्या गोल कड्या आणि हातभर जीआय तार न्या. तुटलेल्या कडीच्या जागी किल्लीची कडी पाच मिनिटांत बसते. प्लॅस्टिकचे केबल टाय थंडीत कडकडीत होऊन तुटतात, त्यांच्यावर विसंबू नका.

गेटरबद्दल थोडक्यात. डिसेंबरात गुडघ्यापर्यंतचे मोठे गेटर ओझंच जास्त, घोट्यावरचे आखूड पुरतात. अगदी ताजा मोठा बर्फ पडला असेल तरच उंच. बकल बाहेरच्या बाजूला यायला हवं, हे बघून डावा-उजवा ठरवा. पुढचा हूक नाडीत अडकवा. तळव्याखालून जाणारा पट्टा ही सगळ्यात आधी झिजणारी गोष्ट आहे, तो बदलता येण्यासारखा असेल तेच गेटर घ्या. शिवून टाकलेला पट्टा तुटला की गेटर संपला. आणि स्पाइक गेटरच्या पट्ट्यावरून चढवायचे, पट्टा स्पाइकवरून नव्हे.

भाड्याने घ्यावं का? सांकरीत स्पाइक, गेटर, काठ्या सगळं भाड्याने मिळतं, आणि एकदाच जाणाऱ्यासाठी तेच शहाणपणाचं आहे. अट एकच: संध्याकाळी घाईत हातात येईल ते उचलू नका. उजेड असताना जा, स्वतःचे बूट घालून जा, चढवून बघा. भोकांच्या कडा, कड्यांचे जोड, दातांची टोकं बघा. टोक नखावर घासलं तर ओरखडा उठला पाहिजे. हंगामभर दगडांवर घासलेले दात गोल झालेले असतात. दोन्ही पायांची मापं एक आहेत ना तेही पाहा. वेगवेगळ्या जोड्यांतले एकेक एकत्र बांधून दिलेले असू शकतात. बूट मात्र भाड्याने घेऊ नका, दुसऱ्याच्या पायाने घडलेला बूट दोन तासांत फोड आणतो. दरवर्षी जाणार असाल तर बारा दातांची चांगली जोडी एकदाच घ्या.

आणि हे सगळं घेऊन थेट डेहराडून गाठू नका. पावागड पन्नासेक किलोमीटरवर आहे. माचीपर्यंत गाडीने जाऊन पुढे रोपवे, हा प्रकार नाही: चांपानेरहून जुन्या वाटेने दरवाज्यांमधून माची, पुढे पायऱ्यांनी कालिकामातेपर्यंत, पाठीवर सात-आठ किलो. उतरताना पायऱ्याच, रोपवे नाही, कारण मांड्यांची तयारी उतरणीत होते आणि बूट बोटांना लागतो का हेही उतरणीतच कळतं. नोव्हेंबरात दर आठवड्याला हे केलं की बूट आणि पाय दोन्ही एकमेकांना ओळखतात.

कॅम्पवर रात्री बूट तंबूच्या आत, पिशवीत घालून डोक्याशी ठेवा. झोपण्याआधी नाड्या पूर्ण सैल करून जीभ पुढे ओढून ठेवायची. ओला बूट गोठला तर पहाटे तीनला पाय आत जात नाही. शेकोटीजवळ सुकवायचा मोह टाळा, सोलचा गोंद सुटतो. पाण्याची बाटली उलटी ठेवली तर बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. पाइपवाली पाण्याची पिशवी मात्र डिसेंबरात निरुपयोगी, पाइप सगळ्यात आधी गोठतो.

परत आल्यावर स्पाइक साध्या पाण्याने धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवा, गच्चीवरच्या उन्हात नको, ऊन रबर खातं. बूट आतले तळवे काढून वाळवा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, आणि माळ्याऐवजी पलंगाखाली, उघड्यावर ठेवा. महिन्यातून एकदा बाजारात जाताना घालायला हरकत नाही.